कुणाच्याच यादीत नसलेला ताप

आपल्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत दोन वयांना विशेष महत्त्व आहे: १८ आणि ३०. फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून जे आजार वेळीच हुडकायचे, त्यांच्या यादीत रुमॅटिक हृदयविकाराचा स्पष्ट समावेश आहे. दुसऱ्या टोकाला असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तो वयाच्या तिसाव्या वर्षापासून पुढच्या नागरिकांची तपासणी करतो आणि उच्च रक्तदाब, मधुमेह, तसेच तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचा शोध घेतो. या पाच नावांत रुमॅटिक हृदयविकार नाही. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी ज्याला सांधेदुखीसह ताप आला, किंवा बाविसाव्या वर्षी जिच्या हृदयाची झडप अरुंद होऊ लागली, त्या रुग्णाला शोधून काढण्याचे काम कोणत्याही राष्ट्रीय तपासणी मोहिमेकडे सोपवलेले नाही. माझ्या मते हा आजार आपल्याकडे अजून टिकून राहण्यामागचे हे एक प्रमुख कारण आहे. ही फट बुजवण्याची सुरुवात राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातून व्हायला हवी.

रुमॅटिक ताप, म्हणजे मराठीत ज्याला संधिज्वर म्हणतात तो, घशापासून सुरू होतो. स्ट्रेप्टोकोकस गटातील एका जिवाणूमुळे घसा दुखतो, काही दिवसांत बरा होतो आणि विसरला जातो. त्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी काही थोड्या रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्ती त्या जिवाणूऐवजी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांध्यांची सूज पूर्णपणे ओसरते, मागे काहीही व्यंग राहत नाही. झडपांना झालेली इजा मात्र पुष्कळदा राहते, आणि घशाचा तसा संसर्ग पुन्हा झाला, पुन्हा ताप उलटला, की तीत भर पडत जाते. पहिला झटका बहुधा ५ ते १५ या वयात येतो. तिशीनंतर तो क्वचितच आढळतो. यावरून हा केवळ मुलांचा आजार आहे असा समज रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. पुन्हा पुन्हा येणारे झटके तरुणपणीही गाठतात, आणि झडपांचे दुखणे जाणवू लागते ते बहुधा त्याच वयात. बारा आफ्रिकी देश, येमेन आणि भारत यांतील २५ रुग्णालयांनी मिळून ३,३४३ रुग्णांची पाहणी केली होती. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या रुग्णांचे मध्यक वय २८ होते आणि त्यांपैकी दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या. अठ्ठावीस हे वय आपल्या दोन्ही कार्यक्रमांच्या बरोबर मध्ये पडते.

दिल्लीला हे ठाऊक नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. एम्सचे सुजॉय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्येच ‘लॅन्सेट’मधून जगाला दाखवून दिले होते, की पाश्चात्त्य देशांत प्रौढपणी आढळणारे मायट्रल झडपेचे आकुंचन भारतात विशीच्या आतच दिसू लागते. लेडी हार्डिंग महाविद्यालयातून आणि पुढे जी. बी. पंत रुग्णालयातून डॉ. एस. पद्मावती यांनी हृदयरोगचिकित्सेची जी परंपरा उभी केली, तिच्या केंद्रस्थानी याच आजाराचे रुग्ण होते. वयाच्या १०३ व्या वर्षी, २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत पाश्चात्त्य देशांतून हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आपल्या रुग्णालयांतून तो गेला नाही. झडपांच्या रुमॅटिक विकारासोबत हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांना रक्त पातळ ठेवण्यासाठी कोणते औषध द्यावे, या प्रश्नाचा निर्वाळा देणारी २४ देशांतील चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या नेतृत्वात एम्सचेच गणेशन कार्तिकेयन होते. नव्या महागड्या गोळीपेक्षा जुन्या, स्वस्त प्रकारच्या औषधावर रुग्ण अधिक जगतात, असे तीत दिसून आले. ज्ञानाच्या बाबतीत दिल्ली जगाच्या पुढे आहे. ते ज्ञान फरिदाबादच्या किंवा गाझियाबादच्या प्राथमिक केंद्रापर्यंत पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे.

प्रौढांत निदान का चुकते, हे थोडे तपशिलाने पाहायला हवे. लहान मुलांत हातापायांच्या अनैच्छिक हालचालींसारखी ठळक लक्षणे दिसू शकतात. प्रौढांत ती जवळपास नसतात. तेथे सांधेदुखीच पुढे असते. गुडघा सुजतो, दोन-तीन दिवसांत तो ओसरतो आणि घोटा धरतो, मग मनगट. दुखण्याचे हे एका सांध्यातून दुसऱ्यात सरकणे हीच निदानाची किल्ली असते. पण दिल्लीत पावसाळ्याअखेर तापासह सांधे दुखू लागले, की डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही मनात चिकुनगुन्याच येतो. २०१६ च्या साथीनंतर तर ते स्वाभाविकच झाले. हिवाळ्याच्या तोंडाशी घसा दुखला तर त्याचे खापर हवेवर फुटते. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी घेतली जाते आणि दुखणे पहिल्याच सांध्यात थांबते. संधिज्वरातील सूज अशा गोळ्यांना विलक्षण लवकर दाद देते. रुग्णाला बरे वाटते आणि निदानाचा एकमेव ठळक धागा त्याच गोळीने पुसला जातो.

म्हणूनच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील वैद्यकीय मार्गदर्शिका सांगतात, की निदान होईपर्यंत अशा रुग्णाला शक्यतो पॅरासिटामॉल द्यावे, सूज उतरवणारी औषधे नंतर. दिल्लीसारख्या शहरात या सल्ल्याला आणखी एक आधार आहे. डेंग्यूच्या दिवसांत ॲस्पिरिन वा तत्सम गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. एकाच साध्या नियमाने दोन्ही आजारांतील चूक टळू शकते. असा नियम दिल्लीतील मोहल्ला पातळीवरच्या दवाखान्यांच्या भिंतीवर लावण्यास किती खर्च येईल?

याच्या अगदी उलट दिशेची चूकही तितकीच प्रचलित आहे. सांधे दुखतात म्हणून रक्तातील ‘एएसओ’ तपासले जाते, आकडा जास्त येतो आणि तेवढ्यावर रुग्णाला वर्षानुवर्षे पेनिसिलिन सुरू होते. हा आकडा एवढेच सांगतो, की स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग नजीकच्या काळात होऊन गेला असावा. दाट वस्तीत राहणाऱ्या पुष्कळ निरोगी माणसांतही तो वाढलेला असतो. अमेरिकी डॉक्टर डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये निदानाचे निकष घालून दिले. त्यांची २०१५ ची सुधारित आवृत्ती आपल्यासारख्या देशांसाठी विशेष उपयोगी आहे. जेथे आजाराचे प्रमाण अधिक आहे, तेथे एकाच सांध्याची सूज किंवा अनेक सांध्यांतील नुसती वेदनाही मुख्य लक्षण मानावी, तापाची आणि ईएसआरची मर्यादा खाली आणावी आणि स्टेथोस्कोपला न ऐकू येणारा झडपेचा दोष इको तपासणीत दिसला तर तोही ग्राह्य धरावा, असे ती सांगते. पूर्वी झटका येऊन गेलेल्या रुग्णासाठी निकष आणखी शिथिल आहेत. मात्र प्रत्येक पहिल्या निदानासाठी पूर्वसंसर्गाचा पुरावा आणि इतर आजार नाहीत याची खात्री या दोन्ही गोष्टी लागतात. कमी निदान आणि अति निदान या दोन्हींवर उपाय एकच: इको तपासणी जवळ असणे आणि निर्णय अनुभवी हातात असणे.

इको तपासणीने काय दिसते, याचा सर्वांत बोलका पुरावा दिल्लीच्या वेशीवरच आहे. फरिदाबाद जिल्ह्यातील बल्लभगढ येथे एम्सचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प १९६० च्या दशकापासून चालू आहे. तेथील शाळांतील ५ ते १५ वयाच्या ६,२७० मुलांची तपासणी करून डॉ. अनिता सक्सेना आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. नुसत्या शारीरिक तपासणीत हजारी ०.८ मुलांत झडपेचा विकार आढळला. इको तपासणीत तो हजारी २०.४ मुलांत दिसला. यांतील प्रत्येक मूल पुढे आजारी पडेल असा याचा अर्थ नव्हे. पुष्कळांतील बदल सौम्य असतात आणि काही आपोआप मावळतात. परंतु युगांडात झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले, की अशा सुप्त विकाराच्या मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिन दिल्यास दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांचाच विकार वाढला. न दिलेल्यांत हे प्रमाण ८.२ टक्के होते. बल्लभगढच्या शाळेत तेव्हा बसलेली मुले आज विशीत किंवा तिशीच्या उंबरठ्यावर आहेत. ती फरिदाबादच्या कारखान्यांत असतील, गुरुग्रामला गेली असतील, कुणाचे लग्न झाले असेल. आज आपला कोणता कार्यक्रम त्यांना हाक मारतो?

उपचाराची बाजू अधिक सोपी आहे आणि म्हणूनच अधिक खंतावणारी आहे. झटक्याच्या वेळी घशातील उरलेसुरले जिवाणू नष्ट करण्यासाठी बेंझाथिन पेनिसिलिनचे १२ लाख युनिटांचे एक इंजेक्शन पुरते, किंवा दहा दिवस गोळ्या द्याव्या लागतात. सांध्यांसाठी ॲस्पिरिन वा नॅप्रोक्सेन असते. हृदयाला तीव्र सूज असेल तर विश्रांती, पाणी कमी करणारी औषधे आणि अनेकदा स्टेरॉइड. परंतु सूज उतरवणाऱ्या कोणत्याही औषधाने झडपेची पुढची हानी टळते, असे आजवर सिद्ध झालेले नाही. ती टाळण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे: पुढचा संसर्ग होऊ न देणे. त्यासाठी तेच इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी घ्यावे लागते. हृदयाला इजा नसेल तर किमान पाच वर्षे, इजा असेल तर किमान दहा वर्षे, आणि झडप गंभीररीत्या बिघडलेली असेल तर चाळिशीपर्यंत किंवा आयुष्यभर. वर्षाला सतरा इंजेक्शने, दहा वर्षांत पावणेदोनशेच्या घरात.

आता हा हिशेब एखाद्या स्थलांतरित कामगाराच्या आयुष्यात मांडून पाहावा. गाव पूर्व उत्तर प्रदेशात, काम नोएडात, खोली पूर्व दिल्लीत, पुढच्या वर्षीचे काम मानेसरमध्ये. राजधानी क्षेत्राचा प्रदेश चार सरकारांमध्ये विभागलेला आहे आणि आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. एका राज्याच्या रुग्णालयाने दिलेले कार्ड दुसऱ्या राज्याच्या केंद्रात ओळखले जाईलच असे नाही. सतरापैकी पाच-सहा तारखा चुकल्या की संरक्षण उरत नाही. पूर्वी उल्लेखलेल्या पाहणीत रुग्णालयांच्या देखरेखीखालील रुग्णांपैकीही सुमारे ५५ टक्केच हे प्रतिबंधक पेनिसिलिन घेत होते.

त्यात इंजेक्शनची भीती आहे. पेनिसिलिनने माणूस दगावतो, ही धास्ती इतकी खोल आहे, की अनेक खासगी डॉक्टर ते टोचायलाच तयार होत नाहीत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ३२ हजारांहून अधिक इंजेक्शनांचा मागोवा घेतला होता. तीव्र ॲलर्जीचे प्रमाण दहा हजार इंजेक्शनांमागे १.२ इतके होते आणि एक मृत्यू झाला होता. धोका आहे, पण अतिशय विरळ आहे, आणि प्रशिक्षित परिचारिका व हाताशी ॲड्रिनलिन असल्यास तो आणखी कमी करता येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये असेही स्पष्ट केले, की इंजेक्शननंतरच्या काही मृत्यूंमागे ॲलर्जीपेक्षा आधीच कमकुवत झालेले हृदय असण्याची शक्यता अधिक आहे. अशा गंभीर रुग्णांना गोळ्या द्याव्यात. प्रौढ रुग्णांत झडप बरीच बिघडलेली असण्याचा संभव जास्त असल्याने ही सूचना त्यांच्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. भीतीपोटी सर्वांचेच इंजेक्शन बंद करणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे.

औषधाच्या पुरवठ्याचा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकाला अधिक जवळचा वाटेल. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने उभा राहिला. पेनिसिलिन देशात बनावे हाच त्याचा उद्देश होता. पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशातील पेनिसिलिनच्या कच्च्या मालाचे उत्पादन टिकले नाही आणि आपण अनेक वर्षे आयातीवर विसंबून राहिलो. २०२० च्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेत पेनिसिलिनला स्थान मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये औषध किंमत प्राधिकरणाने ज्या आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या, त्यांत याच कुळातील बेंझिल पेनिसिलिन होते. एवढ्या कमी किमतीत ते बनवणे उत्पादकांना परवडत नव्हते. स्वस्त औषध बाजारातून नाहीसे होते ते अशा वेळी. ज्याला वर्षातून सतरा वेळा ते लागते, त्याच्यासाठी सरकारने हमीची खरेदी केलीच पाहिजे.

झडप निकामी झाल्यावर मात्र सरकारचा हात सैल होतो. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. त्यातून झडप बदलण्याची शस्त्रक्रिया होऊ शकते, फुग्याने अरुंद झडप उघडता येते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले योजना हेच काम करते. २०२५ मध्ये दिल्लीही आयुष्मान योजनेत सामील झाली. परंतु ही योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातील उपचार तिच्या कक्षेबाहेर आहेत. तीन आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन, इको तपासणी, कृत्रिम झडप बसवल्यावर जन्मभर लागणारी रक्त पातळ करण्याची गोळी आणि तिच्यासाठीची नियमित रक्ततपासणी, हे सारे बाह्यरुग्ण विभागातले. विम्याची रचनाच अशी आहे, की झडप वाचवण्यासाठी पैसे मिळत नाहीत, ती गेल्यावर मिळतात.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की हा आजार ओसरत चालला आहे; मर्यादित निधी मधुमेह आणि रक्तदाबाला द्यावा. शहरी सुस्थित वर्गात तो ओसरला आहे, हे खरे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साडेपाच कोटी लोकांना रुमॅटिक हृदयविकार आहे आणि वर्षाला सुमारे ३ लाख ६० हजार मृत्यू त्याने होतात. दाट खोल्यांत राहणाऱ्या, घसा दुखला तरी कामावर जाणाऱ्या लोकांत तो आहेच, आणि भारतात असे लोक कमी नाहीत. दुसरा आक्षेप प्रतिजैविकांच्या अतिवापराचा आहे. तो गंभीर आहे, पण येथे पुरता लागू होत नाही. प्रौढांतील बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते आणि तिला प्रतिजैविक देऊच नये. निदान झालेल्या रुग्णाला ठरावीक अंतराने पेनिसिलिन देणे ही वेगळी गोष्ट आहे. हा जिवाणू आजतागायत पेनिसिलिनला निर्ढावलेला नाही.

मग करावे काय? पहिले, राजधानी क्षेत्रातील चारही सरकारांनी संधिज्वर आणि रुमॅटिक हृदयविकार यांची नोंद सक्तीची करावी, जशी न्यूझीलंडमध्ये संधिज्वराची आहे. हवेच्या गुणवत्तेसाठी २०२१ च्या कायद्याने राज्यांच्या सीमा ओलांडणारा आयोग निर्माण करता आला, तर एका रुग्णनोंदणीसाठी समन्वय अशक्य नाही. दुसरे, रुग्णाला असा क्रमांक मिळावा की जो दिल्लीत, नोएडात आणि गावीही चालेल. क्षयरोगासाठी ‘निक्षय’ने हे करून दाखवले आहे. तिसरे, प्रत्येक प्राथमिक केंद्रात आठवड्यातील एक दिवस या इंजेक्शनसाठी ठरवून, साठ्याची आणि ॲड्रिनलिनची हमी द्यावी. चौथे, बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने अठराव्या वर्षी फाईल बंद करण्याऐवजी ती प्रौढांच्या दवाखान्याकडे सोपवावी. पाचवे, सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला येणाऱ्या प्रत्येक गर्भवतीच्या हृदयाचे ठोके स्टेथोस्कोपने नीट ऐकले जावेत. गर्भारपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळपास दीडपट होते आणि तोवर मूक असलेली अरुंद झडप तेव्हाच दम लावते. त्या वेळच्या धापेला ‘या दिवसांत असे होतेच’ म्हणून सोडून देणे अनेकदा जिवावर बेतते.

मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या आजाराविषयी ठराव केला आणि सदस्य देशांकडून राष्ट्रीय कार्यक्रमांची अपेक्षा केली. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिबंध आणि निदानाच्या मार्गदर्शक सूचनाही दिल्या. आपल्याला नवे औषध शोधायचे नाही, नवी शस्त्रक्रिया शिकायची नाही. दोन विद्यमान कार्यक्रमांच्या वयोमर्यादा जुळवायच्या आहेत आणि एक नोंदवही चार सरकारांत सामायिक करायची आहे. पुढच्या अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाने हे काम एका राजधानी क्षेत्रापुरते तरी हाती घेतले, तर एकोणिसाव्या वर्षी सांधेदुखीसह ताप आलेल्या तरुणाचे नाव निदान एका यादीत तरी येईल.